सिस्टरांच्या सुया

खोली दाखवायच्या आधी त्यांनी माझ्या हातात तीन सुया ठेवल्या आणि म्हणाल्या, "मार."

सुया म्हणजे डार्ट. पितळी अंगाचे, पुढे पोलादी टोक, मागे चार पाकळ्यांची पिसं. पण हे मला नंतर कळलं. त्या वेळी मी नुसतीच बावचळून उभी होते. उर्सेच्या एका कारखान्यात तपासणी विभागात मला नोकरी लागली होती. कंपनीची बस लोणावळ्याजवळ वलवणच्या फाट्यावर थांबायची, म्हणून दोन बॅगा घेऊन मी वलवणात खोली शोधत फिरत होते. आधीच्या तीन घरांत आडनाव विचारलं, मांसमच्छी खाता का विचारलं, मुलगे भेटायला येणार का विचारलं. आणि इथे साठी उलटलेल्या एक बाई, पांढरी सुती साडी, केस मागे घट्ट बांधलेले, मला बोळात उभं करून समोरच्या भिंतीवरचा गोल बोर्ड दाखवत होत्या.

मी मारल्या. पहिली दाराच्या चौकटीत गेली, दुसरी फरशीवर खणखणली, तिसरी बोर्डाच्या खालच्या काठाला कशीबशी चिकटली. बाईंनी बोर्डाकडे पाहिलंच नाही. त्या माझ्या पायांकडे बघत होत्या.

"पाय हलले न्हाईत तुजे. राहशील तू," म्हणाल्या आणि किल्ली दिली.

सुई सुटायच्या आधीच ज्याचा पाय उचलतो, तो भाडेकरू दोन महिन्यांत खोली सोडतो, असा त्यांचा अनुभव होता. मी साडेतीन वर्षं राहिले.

सगळं वलवण त्यांना सिस्टर म्हणायचं. आयुष्यभर त्यांनी सरकारी दवाखान्यात नर्सची नोकरी केली होती आणि गावात त्यांच्या हातचं इंजेक्शन न घेतलेला माणूस सापडणं कठीण होतं. मिशांना पीळ देणारे लोकसुद्धा त्या समोर आल्या की नकळत दंड चोळायचे. माणसांची नावं त्या विसरत, पण दंड विसरत नसत. "त्यो व्हय? त्याची कातडी लय जाड. दोनदा सुई वाकली माजी," अशी त्यांची ओळख करून द्यायची पद्धत.

आईने फोनवर विचारलं, "घरमालकिणीचं आडनाव काय गं?"

"सिस्टर," मी म्हटलं.

आईला कळायचं ते कळलं. वर्षभर ती वलवणला फिरकली नाही. मग एकदाची आली आणि सिस्टरांच्या हातचं वाटाण्याचं कालवण दोनदा मागून जेवली. सिस्टरांनी त्याबद्दल कधी एक शब्द काढला नाही. मीही काढला नाही. पण त्या दिवशी आईला बसमध्ये बसवून परत येताना मला फार हलकं वाटलं होतं.

घर दोन खोल्यांचं, अधिक माझी एक. मधे शहाबादी फरशीचा लांब बोळ, आणि त्याच्या टोकाच्या भिंतीवर बोर्ड. न्हाणीघर बोर्डाच्या शेजारी. त्यामुळे अंघोळीला जाताना खोलीतूनच "येतेय!" असं ओरडावं लागे. सिस्टर "ये," म्हणाल्या की निघायचं. बोळात आठव्या फरशीवर गेरूने ओढलेली एक रेघ होती. बोर्डापासून पावणेआठ फूट. रोज पहाट उजळली की सिस्टर त्या रेघेवर उभ्या राहायच्या, ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटायच्या आणि सुई सोडायच्या. ठप. पुन्हा पुटपुटणं. ठप. मला वाटायचं, त्यांची काही वंदना असेल. पौर्णिमेला त्या विहारात जात, तेवढी एक सकाळ बोळ शांत असे आणि मला हटकून उशिरा जाग येई.

बोर्ड लाकडाचा असतो असं मी समजत होते. "लाकूड न्हाई गं, घायपात हाय ह्यो," त्या म्हणाल्या. "बांधाला असतंय न्हवं काटेरी, त्याचे धागे दाबून बसवल्यात. म्हनून भोक पडतंय आन आपलं आपन बुजतंय." लोणावळ्याची ओल त्या धाग्यांना सोसायची नाही. आषाढ लागला की सिस्टर बोर्ड उतरवून घोंगडीत गुंडाळत, चुलीच्या वरच्या फळीवर ठेवत आणि दिवसाआड अर्धा तास तेवढा खाली काढत. सुयांची पिसं फाटली की नवी विकत आणणं त्यांना मान्य नव्हतं. जुन्या एक्स-रेच्या फिल्मची त्या कात्रीने पिसं कापायच्या. उजेडात धरलं तर त्यात कुणाच्या तरी बरगड्या दिसत.

मला शिकवायला लागल्या तेव्हा पहिले पाच-सहा दिवस त्यांनी मला सुई सोडूच दिली नाही. नुसती धरायची. पोळी तोडताना धरतो तितपतच जोर. मग पहिल्या फरशीवर उभं केलं, बोर्डापासून एका हातावर. मला हसू आलं.

"सिस्टर, इथून तर कुणीही मारेल."

"मग मार की."

माझ्या तीन सुया तीन गावांना गेल्या.

"जवळनं जमंना, तर लांबनं काय जमनार?" त्या म्हणाल्या. "आन तू फेकतीस. फेकायची न्हाई, सोडायची. दंडात सुई मारताना जोर लावला तर मानूस बोंबलतंय. कोपर जाग्यावर, मनगट सैल, डोळा हलवायचा न्हाई."

नेम धरायचाही नाही, असं त्यांचं म्हणणं. आधी तिन्ही सुया एका ठिकाणी आणायच्या, मग ते ठिकाण कुठलं का असेना. "तिघी जावा एका घरात नांदल्या म्हंजे झालं. घर मागनं बदलू." महिन्याभराने माझ्या तिघी एका घरात नांदू लागल्या, तेव्हा सिस्टरांनी मला दुसऱ्या फरशीवर जायची परवानगी दिली. गेरूच्या रेघेपर्यंत पोचायला मला दहा महिने लागले. "नशिबाने लागली" असं एकदा माझ्या तोंडून गेलं, तर त्यांनी तिन्ही सुया काढून घेतल्या आणि दोन दिवस दिल्या नाहीत.

खेळ उलट्या मोजणीचा. पाचशे एकपासून सुरुवात करायची, जेवढे गुण पडतील तेवढे वजा करत शून्यावर यायचं. मात्र शेवटची सुई बोर्डाच्या कडेच्या बारीक कड्यातच बसली पाहिजे, जिथे आकडा दुप्पट होतो. सिस्टरांचा सगळा हिशोब बत्तीसवर यायचा. बत्तीस उरले की सोळाच्या कड्यात मारायचं. सुई जरा आत घसरली तर सोळाच वजा होतात आणि सोळा उरतात. मग आठचं कडं. तिथेही घसरली तर चारचं. "चुकलं तरी वाट ऱ्हातीया," त्या म्हणत. "ज्यानं बत्तीस ठेवले त्यो शाना." हे त्यांनी कुठेही लावायचं. कंपनीत माझं साहेबांशी वाजलं, राजीनामा तोंडावर फेकून येते म्हणून मी तणतणत होते, तेव्हा भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "बोल की. पन बत्तीस ठेवून बोल."

मी अजूनही कुणाशी भांडायला लागले की हे आठवतं आणि शेवटचं वाक्य गिळते.

सिस्टर गेल्या त्याला आता तीन वर्षं होतील. शेजारच्या मावशींचा फोन आला, तेव्हा मी इथे गुजरातेत, प्लांटवर, कानाला हेडफोन लावून कसल्याशा मीटिंगमध्ये होते. जाणं झालं नाही. ते घर आता शनिवार-रविवारी येणाऱ्या पाहुण्यांना देतात असं ऐकते. माझ्या इथल्या फ्लॅटच्या भिंतीवर बोर्ड आहे, चांगला, महागाचा. संध्याकाळी मारते. खालचे लोक आवाजाची तक्रार करतात. पण मला हवा तो आवाज काही इथे येत नाही. त्याला तो बोळ लागतो, न्हाणीघरात तापणाऱ्या पाण्याचा धूर लागतो आणि पलीकडे धुक्यात कुठेतरी धरणाकडे निघालेल्या म्हशींच्या गळ्यातला घुंगरू लागतो.

पिसं कापायला बसलो असताना एकदा मी त्यांना विचारलं होतं, "सिस्टर, तुम्हाला हे शिकवलं कोणी?"

निवृत्तीनंतर त्यांनी लोणावळ्यातल्या एका बंगल्यात आजाऱ्याची शुश्रूषा करायचं काम धरलं होतं. म्हातारे गृहस्थ, बोटीवर अधिकारी होते, लग्न केलेलं नव्हतं. अर्धांगवायूने उजवी बाजू गेलेली. व्हरांड्यात त्यांचा हा बोर्ड होता. पूर्वी रोज संध्याकाळी ते स्वतःशीच खेळायचे. आता पलंग व्हरांड्यात ओढून घ्यायचे आणि नुसते बोर्डाकडे बघत राहायचे.

"पंधरा दिस बघितलं म्या," सिस्टर म्हणाल्या. "मग म्हनलं, साहेब, तुमी सांगा, मी मारते. पैल्या दिवशी पडद्याला भोक पाडलं. ते हसलं. त्या घरात त्यांना हसताना कुनी बघितलं नव्हतं."

चार वर्षं त्या त्यांचा हात झाल्या. आकडा ते सांगायचे, सुई या सोडायच्या. साहेबांचं बोलणं तुटक, जड जिभेचं. पण सिस्टर घाई करताहेत असं दिसलं की ते म्हणायचे, "सिस्टर, घाई नाही. मी कुठे जातोय?" आणि स्वतःच्या विनोदावर स्वतःच डाव्या बाजूने हसायचे.

"त्यांनी मला आडनाव इचारलं न्हाई कदी," कात्री चालवत सिस्टर म्हणाल्या. "गेले तवा पुतन्या म्हनला, सिस्टर, काय पायजे ते घ्या. ह्यो बोर्ड घेतला. रिक्षात मांडीवर घिऊन आले."

मग त्यांनी सांगितलं की पहाटे ओठांत येतं ते हेच. वंदना बिंदना नाही. प्रत्येक सुई सोडायच्या आधी त्या स्वतःलाच साहेबांचं ते 'घाई नाही'चं वाक्य म्हणत.

हे मला माहीत होतं. माहीत असूनही मी जे केलं, त्याबद्दल आता सांगते.

कंपनीच्या वार्षिक खेळांत डार्टमध्ये मी पहिली आले. खात्यातल्या साहेबांनाही हरवलं. सगळे विचारायला लागले, शिकलीस कुठे? मी छाती फुगवून सिस्टरांचं सांगत सुटले. त्यातल्या एकाचा मित्र लोणावळ्यातल्या एका रिसॉर्टवर कामाला होता. तिथे रविवारी दुपारी डार्टची स्पर्धा ठेवली होती, कुणालाही भाग घेता येणार होता. माझ्या डोक्यात ते बसलं. इतकी वर्षं ही बाई बोळात एकटी खेळते आणि हे कुणाला माहीत नाही, हे मला सहन होईना.

सिस्टर नाही म्हणाल्या. दुसऱ्यांदा नाही म्हणाल्या. तिसऱ्यांदा म्हणाल्या, "कुनाला दावायला शिकले न्हाई मी."

"माझ्यासाठी चला," मी म्हटलं.

त्यांनी तिन्ही सुया पुसून डबीत ठेवल्या. "तुज्यासाटी म्हन्तीस तर चल."

मोठा हॉल होता. एका टोकाला बोर्ड, त्यावर पांढरा झगझगीत दिवा, दोन्हीकडे माणसाएवढे स्पीकर. मुंबईची तरुण मुलं, हातात कोल्ड्रिंकचे ग्लास. सिस्टरांचा नंबर आला तेव्हा माइकवाला मुलगा ओरडला, "आणि आता आपल्या आजी! आजींसाठी जोरदार टाळ्या!" सिस्टरांनी वळून पाहिलं. त्यांना कुणी आजी म्हटल्याचं मी कधी ऐकलं नव्हतं. गाणं पुन्हा जोरात सुरू झालं.

त्या रेघेवर उभ्या राहिल्या. हात वर गेला. कोपर जागेवर, मनगट सैल, सगळं रोजच्यासारखं. हात मागे आला, पुढे गेला, आणि सुई बोटांतच राहिली. लोकांना वाटलं, नेम धरताहेत. पुन्हा हात मागे, पुढे. सुटेना. त्यांचे ओठ हलत होते, पण त्या गोंगाटात त्यांचं त्यांना तरी ऐकू येत होतं की नाही कोण जाणे. पाच-सहा वेळा तसं झालं. कुणीतरी हसलं, दोघातिघांनी मोबाइल वर धरले. माइकवाला म्हणाला, "आजी, नाचताय की मारताय?"

सिस्टरांनी डाव्या हाताने उजव्या हाताच्या बोटांतून सुई सोडवून घेतली. डबीत ठेवली. डबीचं झाकण लावलं. माझ्याजवळ येऊन म्हणाल्या, "चल."

रिक्षात मी रडत होते, त्या बाहेर बघत होत्या. घरी आल्यावर म्हणाल्या, "चा ठेव."

दुसऱ्या दिवशी पहाटे मी अंथरुणात कान लावून पडले होते. त्यांची पावलं ऐकू आली, रेघेपर्यंत. मग काहीच नाही. बराच वेळ काहीच नाही. मी दार किलकिलं करून पाहिलं. त्या रेघेवर उभ्या होत्या, हात मागे-पुढे होत होता आणि सुई सुटत नव्हती.

आठवडाभर हेच. मग त्यांनी बोर्ड उतरवला आणि घोंगडीत गुंडाळला, पावसाळा नसताना.

मी त्यांना डॉक्टरकडे चला म्हटलं. "हात बरा हाय," त्या म्हणाल्या. "परवा पलीकडच्या पोराला धनुर्वाताचं दिलं न्हवं? तवा थरथरला का? त्याला फकस्त भ्या बसलंय. मी हुबी ऱ्हायले की ते साहेब ऐकू येत न्हाईत. त्यो माइकवालाच बोलतोय."

मी माफी मागितली. त्या म्हणाल्या, "मला 'न्हाई' म्हनता आलं असतं की. तुजा येकटीचा गुना न्हाई त्यो." पण त्या घरात सकाळी जो सन्नाटा असायचा, तो माझ्या पापाचा होता हे मला कळत होतं. मी बसची वाट बघत फाट्यावर उभी राहायचे आणि मला वाटायचं, एका माणसाचा आवाज होता, तोही मी हिच्याकडून नेला.

शेवटी एका रविवारी मीच घोंगडी सोडली, बोर्ड भिंतीवर टांगला आणि म्हटलं, "सिस्टर, पहिल्या फरशीवर या. वाक्य मी म्हणते."

"तू?"

"मी."

त्या आल्या, ते मला वाटतं माझी कीव येऊन. बोर्डापासून एका हातावर उभ्या राहिल्या. मी त्यांच्या मागे भिंतीला टेकून उभी राहिले आणि म्हटलं, "सिस्टर, घाई नाही. मी कुठे जातेय?" मला स्वतःलाच नाटकी वाटलं. त्यांनाही हसू आलं. पण ते हसू येता येता सुई सुटली. जेमतेम बसली, लोंबकळली आणि पडली. दोघी फरशीवरच्या त्या सुईकडे बघत राहिलो.

तिथून रोज. कंपनीतून आले की हातपाय धुवायचे आणि बोळात उभं राहायचं. रोज तेच वाक्य, शंभर वेळा. दुसरी फरशी, तिसरी. चौथीवर पंधरा दिवस अडकलो. पाचवीवर आलो तेव्हा त्यांनी शेवया केल्या. त्या दिवसांत सिस्टर माझ्याशी जितक्या बोलल्या तितक्या आधीच्या तीन वर्षांत बोलल्या नव्हत्या. आयुष्यात कुणाला माझी इतकी गरज त्याआधी लागली नव्हती आणि त्यानंतरही लागलेली नाही.

सहाव्या फरशीवर होतो तेव्हा बदलीचं पत्र आलं. गुजरातेतला नवा प्लांट, वरची जागा, दीड महिन्यात हजर व्हायचं. मी हो म्हणून टाकलं आणि पत्र बॅगेत ठेवलं. सिस्टरांना सांगायचं आज राहिलं, उद्या राहिलं. संध्याकाळी बोळात उभं राहून मी म्हणत राहिले, "घाई नाही. मी कुठे जातेय?"

त्यांचा हात परत अडकायला लागला. सहावीवरून पाचवीवर आलो, पाचवीवरून चौथीवर. मी म्हटलं, हवा बदलली असेल, थकला असाल.

जायला आठवडा राहिला. रविवारची सकाळ होती. ऊन बोळात बरंच आत आलं होतं. सिस्टर चौथ्या फरशीवर उभ्या राहिल्या, मी मागे. मी वाक्य म्हटलं. हात पुढे गेला आणि तसाच परत आला. त्यांनी मान न वळवता विचारलं, "कुटं जानार हायस गं?"

मी सगळं सांगितलं. पत्र, तारीख, हो म्हटल्याचं. महिनाभर खोटं बोलल्याचं. त्या बोर्डाकडेच बघत होत्या.

"रागावलात?" मी विचारलं.

"रागवायचं काय त्यात? तुज्या आवाजातच न्हवतं ते, मागल्या म्हयन्यापासनं. हाताला कळतंय." त्यांनी सुई बोटांत फिरवून नीट धरली. "आता खोटं ते नगं म्हनू. तेवडं गाळ. नुसतं 'घाई नाही' म्हन."

त्या थांबल्या. हात तसाच उचललेला ठेवून, कितीतरी वेळ थांबल्या.

"घाई नाही," मी म्हटलं.

हात मागे आला, पुढे गेला. ठप.

सिस्टरांनी सुई कुठे लागली ते बघितलं, मान हलवली आणि त्या सकाळी पहिल्यांदाच माझ्याकडे वळल्या.

"सुटली बग," त्या म्हणाल्या. "आता तू बी जा."